विहिरीत भोकाभोकांचा दगड लागला, मग पाणी का नाही?

पठारावरचा | ७ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. पारनेर तालुक्यात पठारावर आमची साडेतीन एकर जमीन आहे. फेब्रुवारीत विहीर खोदायला घेतली, वीस फूट व्यासाची. आजपर्यंत आठ परस झाली. आमच्याकडे परस सहा फुटांचा धरतात, म्हणजे ४८ फूट.

वरून खाली काय काय लागलं ते सांगतो. तीन फूट काळी माती, चौदा फुटांपर्यंत मुरूम, तिथून तिसाव्या फुटापर्यंत तडे गेलेला काळा दगड, मग वीतभर जाडीचा लाल गेरूचा पट्टा आणि त्याखाली तळापर्यंत मांजऱ्या. या मांजऱ्याला भोकंच भोकं आहेत, काही ज्वारीच्या दाण्याएवढी, काही बोराएवढी. यारीवाले (विहिरीतला दगड यंत्राने वर ओढणारे) खूश झाले, म्हणाले दगड पोकळ लागला, आता पाणी फुटणार. अठरा फूट त्यात उतरलो. रोज संध्याकाळी उपसा करतो आणि सकाळी पाहावं तर पोटरीभर पाणी.

चुलत्यांची विहीर दोनशे पावलांवर, ओढ्याच्या अंगाला. ती पाचच परस. तळ काळ्या दगडात, भोकं नाहीत, तरी पाणी आमच्यापेक्षा जास्त. ठेकेदार म्हणतो आणखी दोन परस जाऊ. पैसा संपत आलाय. भोकांच्या दगडातून पाणी का येत नाही, आणि खाली जावं की थांबावं, हे कुणी जाणकार सांगेल का?

खडकवेडी | ७ एप्रिल, रात्री १०:४५

दादा, थर तुम्ही इतके नीट सांगितलेत की निम्मं उत्तर त्यातच आहे. मी भूजल सर्वेक्षणाच्या कामात बरीच वर्षं विहिरी उतरले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

आपला दख्खनचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. प्रत्येक थर थंड होताना त्यातला वायू बुडबुडे होऊन वर सरकला आणि थराच्या माथ्याजवळ अडकला. तुमची भोकं म्हणजे ते बुडबुडे. बुडबुडा ही बंद खोली असते. शेजारच्या खोलीत जायला दार नसतं. त्यातून पुढे बऱ्याच खोल्यांमध्ये पांढरी, गुलाबी खनिजं भरली, त्यांना झिओलाइट म्हणतात. तुमच्या दगडातही पांढरे मणी दिसत असतील. (पुणे, नाशिक, जळगाव भागांतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत, एखादा चांगला निघाला तर फोडू नका.)

दगडात पोकळी किती, ती झाली सच्छिद्रता. त्या पोकळीतून पाणी आरपार किती सहज जातं, ती पारगम्यता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विहिरीला दुसरी लागते. थर्माकोल जवळजवळ सगळा हवेचाच असतो, पण त्याच्या पेल्यातून पाणी गळत नाही.

चुलत्यांच्या काळ्या दगडात पोकळी नगण्य असेल, पण तडे आहेत आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत. तड्यातून जाणारं पाणी तड्याच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. एक मिलिमीटरचा एक तडा दहाव्या हिश्श्याच्या, म्हणजे ०.१ मिमीच्या, एक हजार तड्यांइतकं पाणी देतो. म्हणून विहीर बघताना मी भोकं मोजत नाही, तडे कुठे आहेत आणि त्यांच्या कडा गंजल्यासारख्या पिवळ्या-तांबूस झाल्यात का ते बघते. तो रंग तिथून पाणी वाहत असल्याची खूण.

एक करून बघा. मांजऱ्याचा दोन-अडीच किलोचा तुकडा दिवसभर उन्हात कडकडीत वाळवा, वजन करा. मग दोन रात्री पाण्यात ठेवा, वरचं पाणी फडक्याने टिपून पुन्हा वजन करा.

दिजाँहून | ८ एप्रिल, दुपारी १:२०

धागा वाचून राहवलं नाही. मी कामानिमित्त फ्रान्समधल्या दिजाँ शहरात राहतो आणि ज्या माणसाच्या नावाने हे सगळं शास्त्र चालतं त्याच्या बागेवरून रोज ट्रामने जातो. आन्री दार्सी, जन्म १८०३, इथलाच. त्याच्या आधी शहराचं पाणी घाण होतं. त्याने रोझ्वारच्या झऱ्याचं पाणी बारा किलोमीटरहून जास्त लांबीच्या बंद नळातून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर १८४० मध्ये शहरात आणलं.

पुढे पाणी गाळण्यासाठी वाळूचं गाळणं किती मोठं करावं, हा प्रश्न त्याला पडला. १८५५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि १८५६ च्या फेब्रुवारीत इथल्या इस्पितळाच्या आवारात त्याने आणि सहकाऱ्यांनी लोखंडी नळकांडं उभं केलं, ३५ सेंटिमीटर व्यासाचं. त्यात सोन नदीची वाळू भरली, वरून पाणी सोडलं, खालून निघणारं पाणी मोजलं. वर आणि खाली दाब मोजायला पाऱ्याच्या नळ्या. इस्पितळातले नळ कुणी उघडले-बंद केले की पारा हलायचा, हेही त्याने नोंदवून ठेवलं आहे. मला तो तपशील फार आवडतो. १८५६ मध्ये दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथाच्या एका परिशिष्टात त्याने हे छापलं आणि १८५८ च्या जानेवारीत तो गेला.

निघालेला नियम एका ओळीचा: प्रवाह = पारगम्यता × आडवं क्षेत्रफळ × पाण्याच्या पातळीतला फरक ÷ वाळूच्या थराची लांबी. फरक दुप्पट, पाणी दुप्पट. थर दुप्पट जाड, पाणी निम्मं.

मातीपरीक्षक | ८ एप्रिल, संध्याकाळी ७:०५

दिजाँहून, फार छान. आमच्या प्रयोगशाळेतलं उपकरण आजही तेच नळकांडं आहे, फक्त लहान: १० सेंमी व्यास, १२.७ सेंमी उंची, हजार घनसेंटिमीटरचा साचा.

वाळूसाठी स्थिर पातळीची चाचणी करतो. वरच्या टाकीतली पातळी हलू द्यायची नाही आणि खाली मोजपात्रात पाणी धरायचं. गेल्या आठवड्यातली एक नोंद देते. पातळीतला फरक २५ सेंमी, दोन मिनिटांत २०० मिली पाणी. म्हणजे सेकंदाला १.६७ मिली. साच्याचं क्षेत्रफळ ७८.५ चौसेंमी, फरक भागिले लांबी १.९७. भागाकार केला की ०.०१ सेंमी प्रतिसेकंद. मध्यम जाड वाळूचा हा ठरलेला आकडा.

काळ्या मातीला ही पद्धत चालत नाही, मोजपात्रात दिवसभरात थेंबही पडत नाही. तिथे घटत्या पातळीची चाचणी. साच्यावर पेन्सिलीएवढी बारीक काचनळी उभी करायची, पाणी भरायचं आणि नळीतली पातळी किती वेळात किती उतरते ते बघायचं. चिकणमातीची पारगम्यता सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाइतकी, दर सेकंदाला, अशी असू शकते. वर्षाचा हिशेब केला तर जेमतेम तीन सेंटिमीटर. आणि त्याच मातीची सच्छिद्रता वाळूपेक्षा जास्त! कण इतके बारीक की पोकळी भरपूर, पण प्रत्येक वाट केसापेक्षा अरुंद. कणाचा आकार दहापट लहान झाला की पारगम्यता शंभरपट घटते.

चाचणीत दोन ठिकाणी घात होतो. पहिला हवेचा: नमुन्यात बुडबुडे अडकले की तेवढ्या वाटा बंद, म्हणून नमुना खालून वर, अगदी सावकाश भिजवायचा. दुसरा कडेचा. सुरुवातीच्या वर्षांत एका काळ्या मातीचा आकडा मला अपेक्षेच्या दोनशेपट आला. तीनदा केली, तेच. शेवटी पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन खडे टाकले. जांभळा रंग पाचच मिनिटांत खाली उतरला, आणि नमुना कापला तर आतली माती तशीच काळी, रंग फक्त कडेला गोल कड्यासारखा. वाळताना माती साच्यापासून सुटली होती आणि मी त्या फटीची पारगम्यता मोजत होते. तेव्हापासून नमुना साच्यात घातला की कडेवरून बोट फिरवल्याशिवाय मी पाणी सोडत नाही.

पाण्याचं तापमानही लिहावं लागतं. ४० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा पातळ, त्याच वाळूतून दीडपट वेगाने जातं. म्हणून आपल्या मानकाप्रमाणे आकडा २७ अंशांवर आणून देतात.

ओलावा | ८ एप्रिल, रात्री ८:३०

पण ताई, आमच्या शेतात जूनचा पहिला पाऊस काळ्या मातीत असा जिरतो की टाकीत ओतावा तसा. मग वर्षाला तीन सेंटिमीटर कसं?

मातीपरीक्षक | ८ एप्रिल, रात्री ९:१५

तो पाऊस मातीतून नाही, भेगांतून जातो. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा असतात. दोन-तीन पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात आणि मग वर पाणी तुंबतं. एकाच जमिनीचे जूनचा आणि ऑगस्टचा असे दोन आकडे असतात. शेतात मोजायला आम्ही एकात एक अशी दोन कडी ठोकतो, ३० आणि ६० सेंमी व्यासाची, दोन्हींत पाणी भरतो आणि आतल्या कड्याचंच मोजतो. बाहेरचं पाणी आतल्या पाण्याला बाजूला पसरू देत नाही, ते सरळ खाली जातं.

पठारावरचा | १० एप्रिल, रात्री ८:५०

खडकवेडी ताई, केलं. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा वापरला. वाळलेला दगड २ किलो ३४० ग्रॅम. दोन रात्री भिजवून २ किलो ३६५. आकारमानही काढलं: बादली काठोकाठ भरून दगड बुडवला, सांडलेलं पाणी परातीत धरून मोजलं, ९८० मिली.

खडकवेडी | १० एप्रिल, रात्री ९:४०

शाब्बास! तुमच्या दगडाचं वजन घनसेंटिमीटरला २.३९ ग्रॅम पडतं. भोकं नसलेला काळा दगड २.९ च्या आसपास असतो. म्हणजे ढोबळ मानाने सतरा-अठरा टक्के जागा बुडबुड्यांची. त्यात पाणी शिरलं फक्त २५ मिली, अडीच टक्के. सातातली एकच खोली उघडी, आणि तीही बहुधा तुकड्याच्या फुटलेल्या पृष्ठभागावरची.

राजापूरची | ११ एप्रिल, सकाळी ७:३०

आमच्याकडे उलटं दुखणं आहे. जांभ्यात भोकं एकमेकांत उघडी. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सड्यावर पडलेलं पाणी बघता बघता आत जातं आणि तितक्याच घाईने खालच्या अंगाला झऱ्यांतून समुद्राकडे निघून जातं. माझ्या माहेरची विहीर चिऱ्यांत आहे. गणपतीत हाताने पाणी घेता येतं, एप्रिलात दोर पुरत नाही. म्हणजे पारगम्यता नुसती जास्त असूनही भागत नाही ना? खाली कुणीतरी धरून ठेवायला हवं.

खडकवेडी | ११ एप्रिल, सकाळी ८:१०

अगदी खरं. पठारावरच्या दादांकडे ते धरून ठेवणारं आहे, गेरूचा पट्टा. तो म्हणजे दोन लाव्हाथरांच्या मधली लाल चिकणमाती. वरून तड्यांतून उतरलेलं पाणी त्यावर येऊन थांबतं. चुलत्यांची विहीर बरोबर तिथे संपते. तुमची तो भेदून खाली गेली.

नारळवाला | ११ एप्रिल, सकाळी ११:००

एवढी मापं कशाला? आमच्या भागात पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून चालतो, नारळ उभा राहिला की तिथे पाणी. माझ्या वडिलांची विहीर तशीच काढली, आजही आटली नाही.

खडकवेडी | ११ एप्रिल, दुपारी १२:१५

वडिलांची विहीर आटत नाही याचा मला आनंदच आहे. पण नारळ उभा राहिला आणि विहीर कोरडी गेली, अशा जागा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या घरातली माणसं ती गोष्ट कुणाला सांगत नाहीत. कर्ज काढून खोदणाऱ्याला मी मोजूनच खोदा असं सांगणार.

निवृत्त उपअभियंता | ११ एप्रिल, दुपारी ४:२०

खडकाची पारगम्यता जागेवर मोजायची आमची धरणावरची रीत सांगतो. हातात धरलेला तुकडा तड्यांबद्दल काही सांगत नाही, कारण तुकडा नेहमी तड्यावरच तुटतो आणि तडा बाहेर राहतो. म्हणून आम्ही धरणाच्या पायात बोअर घेतो, तीन ते पाच मीटरचा टप्पा रबरी पॅकरने, म्हणजे बुचाने, बंद करतो आणि दाबाने पाणी घालतो. दहा बार दाबाला मीटरमागे मिनिटाला एक लिटर पाणी गेलं तर एक ल्युजॉं. मोरिस ल्युजॉं या स्विस भूवैज्ञानिकाने १९३३ मध्ये ही चाचणी मांडली.

दाब एकदाच देत नाहीत. कमी, मध्यम, जास्त, परत मध्यम, परत कमी, अशा पाच पायऱ्या. उतरताना पाणी चढतानापेक्षा जास्त जायला लागलं तर समजायचं, तड्यातली माती धुऊन निघाली. कमी जायला लागलं तर तडे भरत आलेत. याच आकड्यांवर सिमेंटचं ग्राउटिंग, म्हणजे तड्यांत सिमेंट भरणं, कुठे आणि किती ते ठरतं. रात्रपाळीत कंदिलाशेजारी बसून मी हे मीटर वाचलेत, आणि एकाच बोअरमध्ये वरच्या टप्प्याला शून्य आणि खालच्याला पन्नास ल्युजॉं आलेले पाहिलेत. खडकाचा सरासरी आकडा कुणी सांगितला की मी आधी विचारतो, कुठल्या टप्प्याचा?

पठारावरचा | ११ एप्रिल, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. आमच्याकडे बोअर नाही, पॅकर नाही. माझ्या विहिरीत मी काय मोजू?

खडकवेडी | ११ एप्रिल, रात्री ९:५०

मोजपट्टी आणि घड्याळ. काठावर एक खिळा ठोका. उपसा करून मोटर बंद करा आणि खिळ्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर ठरावीक वेळेने लिहा. एका रात्रीत भागणार नाही, तीन-चार दिवस उपसा बंद ठेवावा लागेल.

कारण असं. पाणी तळातून किंवा मांजऱ्यातून येत असेल, तर विहिरीतली पातळी चढेल तसा बाहेरच्या आणि आतल्या पातळीतला फरक कमी होईल आणि दार्सीच्या नियमाने आवक मंदावेल. दोन मीटर चढल्यावर आवक चांगलीच कमी झालेली दिसायला हवी. पण पाणी वरून, गेरूच्या डोक्यावरून गळत असेल, तर खालची पातळी कितीही चढो, त्याला फरक पडत नाही. आवक एकसारखी राहील.

पठारावरचा | १७ एप्रिल, रात्री १०:०५

गावची यात्रा होती, यारी चार दिवस बंदच होती. तेवढ्यात मोजून घेतलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला खिळ्यापासून पाणी १३.९२ मीटर. सकाळी सहाला १३.६८, म्हणजे बारा तासांत २४ सेंमी. पुढे रोज संध्याकाळी सहाला मोजलं: १३.४४, १२.९६, १२.४९, १२.०१. दिवसाला ४८, ४८, ४७, ४८ सेंमी. पावणेदोन मीटरच्या वर चढलं, पण वेग मोडला नाही.

तिसऱ्या रात्री यात्रेचे ढोल थांबल्यावर काठावर बसलो होतो, तर आवाज येत होता. बॅटरी मारली. गेरूच्या वर चार बोटांवर, ओढ्याच्या बाजूला, भिंत हातभर लांबीची ओली आणि तिथून धार. सकाळी दोराने खुर्ची विहिरीत सोडून उतरलो, प्लॅस्टिकचा कागद लावून धार बादलीत घेतली. पंधरा लिटरची बादली दोन मिनिटांत भरली.

खडकवेडी | १७ एप्रिल, रात्री १०:५०

वाचून फार बरं वाटलं. वीस फुटांच्या विहिरीचं क्षेत्रफळ २९.२ चौरस मीटर. तासाला दोन सेंटिमीटर म्हणजे ५८४ लिटर. त्यातले ४५० लिटर तुमच्या बादलीतून गेले. उरलेलं त्याच रेषेवर इतरत्र झिरपत असेल. मांजऱ्याचा वाटा दिसत नाही.

तेव्हा मांजऱ्यात पाणी मिळेल म्हणून आणखी दोन परस जाऊ नका. त्याखाली घट्ट दगड असेल, त्याच्याही खाली पाणी असेल किंवा नसेल, त्यासाठी विहिरीचा खर्च घालायचा नाही. पैसा उरलाय तो आडव्या बोअरला लावा, २८-२९ फुटांवर, गेरूच्या वर, ओढ्याच्या दिशेने. जितके जास्त तडे गाठाल तितकी आवक वाढेल.

आणि खोदलेले अठरा फूट वाया गेलेले नाहीत. मांजऱ्या पाणी देत नाही तसं बाहेरही जाऊ देत नाही. जाऊ देत असता तर तुमचे चारही दिवस ४७-४८ आले नसते. गेरूखाली तुमच्याकडे एक लाख साठ हजार लिटरची टाकी तयार झाली आहे. आताच्या आवकेने ती अकरा-बारा दिवसांत भरते.

निवृत्त उपअभियंता | १८ एप्रिल, सकाळी ६:४०

एक सांगून ठेवतो. त्याच गेरूवरचं पाणी चुलत्यांच्या विहिरीत आहे. तुमचे आडवे बोअर ओढ्याकडे गेले की त्यांची पातळी उतरू शकते. बोअर मारण्याआधी त्यांच्या विहिरीचीही नोंद ठेवा, निदान आठ दिवसांची. नाहीतर पुढे कुणाचं पाणी कुणी ओढलं यावर नुसता वाद होईल.

पठारावरचा | १८ एप्रिल, रात्री ९:२०

आज सकाळी आप्पांकडे (माझे चुलते) गेलो आणि सगळं सांगितलं. आधी गप्प बसले. मग म्हणाले, बोअर एक-एक करून मारू, पहिला मारला की पंधरा दिवस थांबायचं. त्यांच्या काठावर त्यांनीच खिळा ठोकला. संध्याकाळी फोन आला: "लिहून घे. सहा वाजता, सात मीटर चौदा."